ब्रूस-लॅडर किट: काही महिन्यांचा वापर आणि कंट्रोलच्या ट्यूबांचा हिशेब

जनावरांकडून माणसात येणाऱ्या ब्रुसेला जिवाणूची प्रजाती ओळखणाऱ्या ब्रूस-लॅडर या पीसीआर किटच्या डब्यातली शेवटची रिॲक्शन संपली, पुढची ऑर्डर द्यायची की नाही हे ठरवायचंय, म्हणून लिहितेय. डीएनएचे ठरावीक तुकडे वाढवणाऱ्या आठ प्रायमर-जोड्या, एक ट्यूब, मग जेलवर त्या तुकड्यांच्या पट्ट्या, एवढंच काम.

घेतलं ते जिवाणूचं नाव सांगणाऱ्या आयडी यंत्राला वैतागून. ब्लड कल्चरची बाटली चार-पाच दिवसांनी वाजणार, ग्रॅम स्टेनमध्ये बारीक वाळू सांडल्यासारखे निगेटिव्ह कोकोबॅसिलाय (आखूड दांडीसारखे जिवाणू), युरियाची ट्यूब बघता बघता गुलाबी, म्हणजे सगळं ब्रुसेलासारखं, आणि यंत्र म्हणणार त्याचा नातलग ओक्रोबॅक्ट्रम अँथ्रोपी. २०२० मध्ये ओक्रोबॅक्ट्रमलाच ब्रुसेला वंशात टाकलं, त्यामुळे यंत्राला धड चूक तरी कसं म्हणायचं! रोझ बेंगाल या सीरमच्या चाचणीकडून प्रजातीची अपेक्षाच नको; मेलिटेन्सिस, अबॉर्टस, सुइस या तिन्ही प्रजातींना ती सारखीच गुठळते आणि कॅनिस तिला दिसतच नाही.

जेल मात्र झकास. १०७१ ची पट्टी (आकडा तुकड्याच्या लांबीचा, बेस-पेअरमध्ये) आली आणि २७२ ची नसेल तर मेलिटेन्सिस, ती नसून बाकीच्या जागेवर असतील तर अबॉर्टस. २७२ ची दिसली तर सुइस-कॅनिसकडे बघायचं. प्रजाती ठरवायच्या जुन्या पद्धतीतल्या थायोनिन-फुक्सिन रंगांच्या प्लेटा आणि ए-एम सीरमसाठी जिवंत कल्चर हाताळत बसण्यापेक्षा उकळून मारलेल्या वाढीचा डीएनए केव्हाही बरा. थेट रक्तावर चालेल या आशेने मात्र घेऊ नका, आधी कल्चर वाढायलाच हवं.

आता मुद्द्याचं. एका पेशंटमागे चार ट्यूब जातात: पेशंटची, पॉझिटिव्ह कंट्रोलची (ओळखीच्या ब्रुसेलाचा डीएनए), पाण्याची आणि एक्स्ट्रॅक्शन ब्लँकची (नमुना न घालता डीएनए काढायची कृती). डब्यावरचा आकडा वाचून दर रिॲक्शनचा भाव काढलात तर त्याला सरळ चारने गुणा. पेशंट साठवून एकदम लावावेत तर वॉर्डातून फोन सुरू. अर्ध्या व्हॉल्यूमवर चालवून पाहिलं; १६८२ ची पट्टी इतकी फिकी पडली की तो नाद सोडला.

तरी काय मोठं अडलंय, असं मला बरेच दिवस वाटायचं. प्रजाती कुठलीही असो, पेशंटला सहा आठवडे डॉक्सीसायक्लिन आणि जोडीला रिफॅम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन, हेच. मग कालवडींना लस देताना सुई टोचलेला, ताप आलेला एक माणूस आला. एस१९ लशीच्या जिवाणूत ५८७ ची पट्टी नसते, आणि जेलवरच्या त्याच्या रांगेत ती नव्हती. पण पट्टी खरोखर नाही की रिॲक्शन फसली? किटमधला कंट्रोल मेलिटेन्सिसचा, तो याचं उत्तर देत नाही. पशुवैद्यकीय लॅबमधून एस१९ चा डीएनए मागून आणला, शेजारी लावला, तेव्हा रिपोर्टवर सही केली. आणि औषध प्रत्येक वेळी तेच असतं असंही नाही: लशीतले दुसरे जिवाणू, आरबी५१ रिफॅम्पिसिनला दाद देत नाही, रेव्ह-१ स्ट्रेप्टोमायसिनला. गोठ्यात नुसत्या गाई आणि जेलवर मेलिटेन्सिस, जो मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांतला, असं झालं तर शेळ्या-मेंढ्यांची चौकशी करायला डॉक्टरांना सांगतो, तेही या किटमुळेच.

म्हणून पुन्हा मागवतेय, पण विक्रेत्याकडून लेखी घेऊन: कंट्रोलचा डीएनए जास्त आणि एस१९ चा वेगळा. 'मॅडम, तो वेगळा आयटम आहे, वेगळा रेट,' हे उत्तर आलंच आहे. शेजारच्या लॅबशी बोलणं झालंय. महिन्यातून ठरलेल्या दिवशी दोघांचे आयसोलेट (कल्चरमधून वेगळे केलेले जिवाणू) एकाच रनमध्ये लावायचे आणि कंट्रोलचा खर्च निम्मा-निम्मा.