स्क्रोल अडखळतंय म्हणून एडिटर बदलताय? व्हीएस कोड, इमॅक्स, विम, सबलाइम आणि झेड

एडिटर (कोड किंवा मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर) बदलायचं कारण जर स्क्रोलिंग असेल तर आधी तुमच्याकडची सगळ्यात त्रासदायक फाइल शोधून ठेवा, दोनशे ओळींची नीटनेटकी फाइल कुठेही छानच सरकते, तिच्यावरून काही कळत नाही. माझ्याकडे अशा दोन आहेत, एक चार एमबीची जेसॉन (माहिती साठवायची मजकूर-फाइल), अख्खी एकाच ओळीत कोंबलेली, आणि दुसरी मराठी मजकुराची, जिच्यात प्रत्येक परिच्छेद म्हणजे एकच लांबच लांब ओळ. खालचं सगळं या दोन फाइली डोळ्यासमोर ठेवून लिहितोय.

थोडा हिशोब. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनवर एका फ्रेमला (एका चित्राला) 16.7 मिलिसेकंद मिळतात, 120 हर्ट्झवर 8.3. तेवढ्यात कुठल्या ओळी दिसणार, कुठे तुटणार, कुठला शब्द कुठल्या रंगात, हे ठरवून चित्र काढायचं. दिसतात तेवढ्याच ओळी काढायच्या हे आता सगळेच एडिटर करतात, त्यामुळे फाइल मोठी असणं हा खरा त्रास नाहीच, ओळ लांब असणं हा त्रास आहे.

व्हीएस कोड घ्या. आत क्रोमियम हा ब्राउझर आहे, म्हणजे दिसणारी प्रत्येक ओळ वेब पेजच्या तुकड्यांसारखी बनते. वेग राखायला तो सरळ काही गोष्टी सोडून देतो: एका ओळीत 10,000 अक्षरांच्या पुढचं दाखवत नाही, 20,000 च्या वरची ओळ रंगवत नाही, आणि फाइल 20 एमबी किंवा 3 लाख ओळींच्या वर गेली की रंग, फोल्डिंग (कोडचे भाग मिटून ठेवणं) वगैरे बंद. मला हा निर्णय पटतो, फाइल उघडून वाचता आली हे रंगापेक्षा महत्त्वाचं. पण एक गोंधळ बरेच जण करतात, सेटिंगमधलं 'स्मूथ स्क्रोलिंग' चालू केलं की एडिटर फास्ट होईल असं समजतात. ते फक्त ॲनिमेशन आहे! माउसच्या चाकाने टप्प्याटप्प्याने उडी मारणाऱ्यांना बरं वाटतं, ट्रॅकपॅडवाल्यांना त्याची गरज नाही आणि मुळात दमलेल्या मशीनवर तर ते आणखी फ्रेम काढायला लावतं.

एक्स्टेन्शन (एडिटरला वरून जोडलेल्या सोयी) वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात हे खरं, पण ते ओळीच्या शेवटी जे चिकटवतात ते शेवटी त्याच खिडकीत काढावं लागतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर मला दोन आठवडे वाटत होतं मशीनच जुनं झालं, आणि निघालं काय तर प्रत्येक ओळीपुढे टिपण दाखवणारं एक एक्स्टेन्शन. 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' ही कमांड निम्मे निम्मे बंद करत दोषी शोधून देते, एडिटर बदलण्याआधी ती एकदा चालवाच, कडेला फाइलचं छोटं चित्र दाखवणारा मिनीमॅपही बंद करून बघा.

इमॅक्सची गोष्ट वेगळी, तिथे जवळपास सगळं एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम. जुलै 2023 च्या इमॅक्स 29 मध्ये पिक्सेल-स्क्रोल-प्रिसिजन-मोड आला आणि ट्रॅकपॅडवर पहिल्यांदा बोटाबरोबर मजकूर सरकायला लागला, लांब ओळींवर जीव जायचा तेही त्याच आवृत्तीत बरंच सुधारलं. पेज डाउन दाबून ठेवा आणि स्क्रीन बघा: मागे की-दाब साचले की इमॅक्स चित्र काढणं पुढे ढकलतो, मजकूर थिजल्यासारखा दिसतो आणि बोट उचललं की एकदम पुढचं कुठलं तरी पान. रीडिस्प्ले-स्किप-फॉन्टिफिकेशन-ऑन-इनपुट हे सेटिंग चालू केलं की रंगवणं मागे टाकलं जातं आणि हे कमी होतं. मराठीसाठी मात्र इमॅक्स मला आवडतो, आवृत्ती 27 पासून हार्फबझ (अक्षरांचे आकार जुळवणारी लायब्ररी) असल्याने जोडाक्षरं नीट जुळतात. त्याची किंमत आहेच, 'लक्ष्म्या' सारखा शब्द आला की अक्षरं एकत्र जोडून आकार ठरवावा लागतो, त्यामुळे मराठीने भरलेली स्क्रीन इंग्रजीपेक्षा जड जाते.

विम चालतो टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, ती म्हणजे अक्षरांच्या चौकटींची जाळी, अर्धी ओळ सरकणार नाही. पण स्मूथस्क्रोल ऑप्शन (विम 9.1, निओविम 0.10, दोन्ही 2024) लावला की गुंडाळलेला परिच्छेद एका झटक्यात गायब न होता एकेक ओळ सरकतो, माझ्या मराठी फाइलसाठी हा फरक खूप मोठा. रिलेटिव्हनंबर (कर्सरपासून मोजलेले ओळींचे आकडे) बंद ठेवा, प्रत्येक हालचालीला आकड्यांचा अख्खा रकाना पुन्हा काढावा लागतो. सर्व्हरवर एसएसएचने (टर्मिनलमधून दूरच्या मशीनला जोडून) काम असेल तर दुसरा विचारच नको. टर्मिनलमध्ये देवनागरी मात्र जपून, जोडाक्षर किती चौकटी घेणार यावर विम आणि टर्मिनल यांचं एकमत नसलं की कर्सर भलतीकडे दिसतो.

सबलाइम टेक्स्ट सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला, जुन्या लॅपटॉपवर मी हाच सांगेन. 2021 च्या चौथ्या आवृत्तीपासून ग्राफिक्स कार्ड वापरता येतं, पण विंडोज आणि लिनक्सवर ते सेटिंगमधून स्वतः चालू करावं लागतं. लायसन्स 99 डॉलर, तोवर वापरून बघायला मुदत नाही. झेड हा रस्ट भाषेत लिहिलेला, ॲटम हा जुना एडिटर बनवणाऱ्यांचाच, खिडकी ग्राफिक्स कार्डवरच काढतो आणि 120 फ्रेम हे ध्येय धरूनच बांधलाय. चांगली स्क्रीन असेल तर फरक बोटाला जाणवतो, रिमोट डेस्कटॉपवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये तो फायदा धरू नका.

तर नवं मशीन आणि रोजचा कोड असेल तर झेड, एक्स्टेन्शनशिवाय अडतं तर व्हीएस कोडच ठेवा आणि नको ती एक्स्टेन्शन झाडून काढा, सर्व्हरवर विम, जुन्या मशीनवर सबलाइम. मराठीचं मी इमॅक्समध्येच करतो. आणि ती एका ओळीची जेसॉन? ती उघडण्याआधी जेक्यू या जेसॉन मांडून देणाऱ्या कमांडमधून काढून ओळी पाडून घेतो, मग पाचही एडिटरमध्ये निमूट सरकते.