चालकाचं रेकॉर्ड तपासायच्या सरकारी खिडक्या: कुठे काय दिसतं, काय दिसत नाही

ड्रायव्हर कामावर ठेवताना बहुतेक जण त्याने आधी चालवलेल्या गाडीचा नंबर टाकून चलान बघतात. ‘नो रेकॉर्ड’ आलं की झालं समाधान. पण ते रेकॉर्ड गाडीचं असतं, माणसाचं नाही. कॅमेऱ्याने टिपलेलं वेगाचं किंवा सिग्नल तोडल्याचं चलान नंबर प्लेटवरून मालकाच्या नावे निघतं. स्टिअरिंगवर कोण बसलं होतं याच्याशी कॅमेऱ्याला देणंघेणं नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा मात्र चालवणाऱ्यावरच लागतो, आणि त्याचा माग एका पानावर मिळत नाही. तीन खिडक्या फिराव्या लागतात.

पहिली केंद्राची ई-चलान परिवहन साइट. इथे शोधायचे तीन मार्ग आहेत: चलान नंबर, गाडीचा नंबर आणि लायसन्स नंबर. आपल्या कामाचा तिसरा. गाडीच्या नंबराने शोधलं तर चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक मागतात, ते आधीच्या मालकाकडेच असणार. लायसन्सच्या शोधात लोक अडखळतात ते नंबर लिहिताना. राज्याची दोन अक्षरं, आरटीओचे दोन अंक, वर्षाचे चार आणि पुढे सात, अशी एकूण पंधरा जागांची रचना असते. जुन्या पुस्तकी लायसन्सवर शेवटचा आकडा छोटा छापलेला असतो. तो सात अंकी होईपर्यंत त्याच्या आधी शून्यं भरायची. जोडून टाकून जमलं नाही तर आरटीओ कोडनंतर एक जागा मोकळी सोडून बघा. महाराष्ट्रातल्या चलानांसाठी महाट्रॅफिक ही राज्याची वेगळी साइट आहे, तीही उघडावी. पण तिचा कारभार गाडीच्या किंवा चलानाच्या नंबरावर चालतो, त्यामुळे माणूस तपासायला ती अर्धीच उपयोगी.

वापरायला सोपी, म्हणून ही ई-चलानची खिडकी सगळ्यांना आवडते. आपल्या प्रश्नापुरती, म्हणजे दारू पिऊन चालवल्याचा माग काढायला, ती कच्चीच. कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. सप्टेंबर 2019 पासून पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये किंवा दोन्ही. जागेवर किंवा ऑनलाइन पैसे भरून मिटवता येतील अशा गुन्ह्यांची यादी कलम 200 मध्ये आहे, आणि 185 त्या यादीत नाही. म्हणजे प्रकरण न्यायालयातच जातं. तेव्हा चलानाच्या पानावर एखादी ओळ दिसली तरी निकाल काय लागला ते तिथे शोधू नका.

म्हणून दुसरी खिडकी, ई-कोर्ट्स, म्हणजे न्यायालयांतल्या खटल्यांची सरकारी साइट. ‘केस स्टेटस’मध्ये राज्य, जिल्हा आणि न्यायालयाची इमारत निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. इथे खरा कस लागतो. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव आहे की नाही, स्पेलिंग कसं, यावर सगळं अवलंबून. दोन-तीन तऱ्हांनी टाका, प्रलंबित आणि निकाली दोन्ही बघा, वर्षही बदलून बघा. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा स्वतंत्र क्रमांक, मिळाला तर ही सगळी कसरत वाचते, म्हणून उमेदवाराला आधी सरळ विचारलेलं बरं. एकाच नावाचे चार जण निघतात हे विसरून भलत्याच माणसाला नाकारू नका. आणि काही सापडलं नाही याचा अर्थ एवढाच, की त्या जिल्ह्यात, त्या स्पेलिंगने, त्या वर्षी काही सापडलं नाही.

तिसरी सारथी, म्हणजे लायसन्सची माहिती देणारी सरकारी साइट. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की लायसन्सची सद्यस्थिती, वैधता आणि कोणत्या वर्गाची वाहनं चालवता येतात ते दिसतं. तिघींत सगळ्यात पटकन काम होतं ते इथे. कलम 20 प्रमाणे 185 खाली दोषी ठरलेल्याला न्यायालय किमान सहा महिने अपात्र ठरवतं, त्यामुळे ‘सद्यस्थिती’ची ओळ आधी वाचा. मात्र कार्यालयाने नोंद चढवली असेल तरच ती इथे दिसणार. हातातलं प्लास्टिक कार्ड तर काहीच सांगत नाही. निलंबनाचा शिक्का त्यावर आपोआप उमटत नाही. ट्रान्सपोर्ट (व्यावसायिक गाड्या) आणि नॉन-ट्रान्सपोर्टच्या (खासगी गाड्या) मुदती वेगवेगळ्या असतात, त्याही इथेच बघून घ्या.

एवढी यातायात मालकाने का करायची? कलम 188 मुळे. चालक प्यायलेला आहे हे ठाऊक असून त्याला गाडी काढायला लावणाराही त्याच शिक्षेला पात्र ठरू शकतो. शिवाय चालक नशेत असेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा दावा कंपनी नाकारते, पॉलिसीत तसं कलमच असतं. ‘श्वास तपासायच्या यंत्रात फुंकायला नकार दिला की पुरावाच नाही’ हा सल्लाही ड्रायव्हर मंडळींत फिरतो. तो चुकीचा आहे. कलम 205 खाली योग्य कारणाशिवाय दिलेला नकार त्याच्याच विरोधात धरता येतो.

तपासणी उमेदवाराला समोर बसवून, त्याच्या संमतीने करा. ओटीपी मागितला तर तो त्याच्याच मोबाइलवर जातो. हाती काही लागलं नाही आणि शंका उरलीच, तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला त्यालाच काढून आणायला सांगा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका, ती फसवणूक असते. खऱ्या साइटच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो.