हिवाळ्यात ग्रँड कॅन्यन: ट्रेलर पाणी भरून वापरायचा की कोरडा?

नाताळच्या सुट्टीत गाडीमागं ओढायचा, राहण्याचा ट्रेलर घेऊन ग्रँड कॅन्यनला जायचं ठरलं की बुकिंगपाशी गाडी अडते. मॅदर कॅम्पग्राउंड घ्यायचं की ट्रेलर व्हिलेज? दोन्ही साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, एकमेकांना लागून, आणि दोन्ही हिवाळ्यातही उघडी. मॅदर पाइनच्या झाडीत आहे, स्वस्त आहे, पण हुकअप (ट्रेलरसाठीच्या जोडण्या) अजिबात नाही. ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी तिन्ही मिळतात. मात्र ट्रेलर ओळीनं, जवळजवळ उभे असतात आणि भाडं बरंच जास्त पडतं.

बे एरिया किंवा लॉस एंजेलिसहून निघणाऱ्यांना हे अ‍ॅरिझोना म्हणजे वाळवंट वाटतं. पण साउथ रिम साधारण ७,००० फुटांवर आहे. जानेवारीत दिवसा ५-६ अंश सेल्सियस असतं आणि रात्री सरासरी उणे ८च्या आसपास, कधी त्याच्याही बरंच खाली. म्हणून माझं म्हणणं असं, की वीज आणि पाणी हे दोन वेगळे निर्णय समजा. तीन-चार रात्रींच्या मुक्कामासाठी ट्रेलर व्हिलेजची वीज घ्या आणि पाइप कोरडेच ठेवा.

मॅदरमध्ये आधी संपते ती बॅटरी

सगळ्यांना काळजी असते पाण्याची. पाणी कॅनमधून आणता येतं. ट्रेलर उबदार ठेवणाऱ्या, प्रोपेन गॅसवरच्या फर्नेसचा पंखा मात्र बॅटरीवर फिरतो आणि साधारण ७ अँपिअर खातो. संध्याकाळी पाच ते सकाळी सात असे चौदा तास धरा, त्यातला निम्मा वेळ फर्नेस चालू. म्हणजे जवळपास ५० अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून तिला इजा न होता तेवढेच निघतात. एका रात्रीत खेळ खलास, आणि अजून दिवा, पंप, मोबाइल यांचा हिशेब धरलेलाच नाही.

ती भरायची कशी? डिसेंबरचा दिवस लहान, ऊन तिरपं, त्यात डोक्यावर पाइनची सावली, तेव्हा सोलर पॅनेलवर भिस्त ठेवू नका. जनरेटरला ठरावीक वेळेतच परवानगी असते. लिथियम बॅटरी जास्त पुरते, पण ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, आतले सेल कायमचे खराब होतात. ती ट्रेलरच्या आत ठेवलेली असेल किंवा तिला स्वतःचा हीटर असेल, तरच मॅदरचा विचार करा. लेड-अ‍ॅसिडचं उलटं आहे. पूर्ण भरलेली असेल तर ती कडाक्याची थंडीही सोसते, पण रिकामी झालेली बॅटरी तिथल्या एखाद्या साध्या रात्रीतही गोठून फुटू शकते.

प्रोपेनचंही बघून ठेवा. ३०,००० बीटीयूची (तासाला एवढी उष्णता देणारी) फर्नेस वर धरलं तशी निम्मा वेळ चालली, तर २० पौंडांचा सिलिंडर दोन रात्री पुरतो. प्रोपेन स्वतः उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूपात येत राहतो, त्यामुळे थंडीनं गॅस बंद पडेल ही भीती नको. भीती आहे ती पहाटे तीनला सिलिंडर संपण्याची.

पाइपांत पाणी असेल तर

ट्रेलर व्हिलेजला पोचलो, नळाला होज जोडला, झालं काम, हे उन्हाळ्यात. हिवाळ्यात होज रात्रभर जोडून ठेवला तर सकाळी तो काठीसारखा ताठ झालेला असतो. विजेवर तापणारा होज मिळतो, पण त्याहून सोपी रीत म्हणजे दुपारी आतली टाकी भरून घ्यायची, होज काढून ठेवायचा आणि पंपावर चालवायचं. ग्रे (सिंक-शॉवरचं पाणी) आणि ब्लॅक (टॉयलेटचं) दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे, नाहीतर थेंब-थेंब पाणी सांडपाण्याच्या नळीत साचून गोठतं.

एवढं केलं तरी खरी अडचण ट्रेलरच्या पोटाखाली असते. 'फोर सीझन' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्रेलरांत फर्नेसची गरम हवा खालच्या बंद पोकळीत सोडलेली असते, पाइप आणि टाक्या त्याच हवेवर जगतात. आता वीज आहे म्हणून तुम्ही आत १,५०० वॅटचा हीटर लावलात, की खोली उबदार होते, थर्मोस्टॅटला वाटतं सगळं ठीक आहे, आणि फर्नेस सुरूच होत नाही. वर तुम्ही गोधडीत गाढ झोपलेले आणि खाली पाइप गोठताहेत. म्हणून पाणी भरलेल्या ट्रेलरमध्ये हुकअप असूनही फर्नेसच चालवावी लागते. विकत घेतलेल्या विजेचा मोठा फायदा तिथंच हातचा जातो.

सगळ्यात आधी काय गोठतं तेही सांगतो. बाहेरच्या भिंतीतला शॉवरचा डबा आणि पोटाखाली बोटभर लोंबणारे लो-पॉइंट ड्रेनचे, म्हणजे पाइप रिकामे करायच्या नळ्यांचे, दोन तुकडे. त्यांना ऊब पोचतच नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि पाइप फुटल्याचं कळतं ते दुपारी बर्फ वितळून जमिनीवर ओल आल्यावर.

शिवाय हुकअप म्हणजे पाण्याची हमी नव्हे. साउथ रिमला पाणी पुरवणारी दरीतली पाइपलाइन १९६०च्या दशकातली आहे. ऑगस्ट २०२४मध्ये ती अनेक ठिकाणी फुटली आणि तिथली हॉटेलं काही दिवस मुक्कामासाठी बंद ठेवावी लागली.

कोरडा म्हणजे कसा

घरून निघतानाच टाक्या आणि वॉटर हीटर रिकामे करायचे, त्या हीटरला बायपास करायचं (म्हणजे अँटीफ्रीझ त्यात जाणार नाही) आणि पाइपांत आरव्हीसाठी (राहण्याच्या गाड्या-ट्रेलरांसाठी) मिळणारं, न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट चुकूनही वापरू नका, त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी कॅनमध्ये, आत. टॉयलेट वापरता येतं. मगानं तेच गुलाबी अँटीफ्रीझ ओतून फ्लश करायचं. आंघोळीला मॅदरजवळच्या कॅम्पर सर्व्हिसेसमध्ये पैसे टाकून चालणारे शॉवर आहेत, ट्रेलर व्हिलेजवाल्यांनाही चालतात.

आणि मग तो विजेचा हीटर बिनधास्त लावा, कारण खाली जपण्यासारखं काही उरलेलंच नाही. प्रोपेन फक्त पहाटेच्या कडाक्याला लागतो.

ओलाव्याचा त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच. चार माणसांचे श्वास आणि वर डाळ-भाताच्या कुकरच्या शिट्ट्या, की खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ सुरू होतात आणि दोन दिवसांत गादीची खालची बाजू ओली लागते. थंडी असली तरी छताचा व्हेंट दोन बोटं उघडा ठेवा. शेगडी ऊब मिळवण्यासाठी कधीच पेटवून ठेवू नका. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. अलार्मची तारीख आणि बॅटरी निघण्याआधी तपासा.

मग पाणी कधी भरावं?

मुक्काम आठवड्याचा असेल, ट्रेलरचं पोट खरोखर बंद आणि गरम असेल, किंवा पुण्याहून आलेले आई-बाबा सोबत असतील आणि रात्री-अपरात्री हात धुवायला गरम पाणी हवं असेल, तर भरा. तेही पोचल्यावर, दुपारी. निघण्याआधी पुन्हा सगळं काढायचं आणि अँटीफ्रीझ भरायचं. थंडीत बोटं बधिर होत असताना हे काम नकोसं वाटतं, पण टाळू नका. ट्रेलर ओढताना फर्नेस बंद असते आणि पोटाखालून गार वारा सतत घुसत असतो. पाइप मुक्कामापेक्षा रस्त्यातच लवकर गोठतात.

रस्ता दोघांना सारखाच

कॅलिफोर्नियाहून आय-४० महामार्गानं येताना नीडल्सला तुम्ही जेमतेम ५०० फुटांवर असता. किंगमनला सुमारे ३,३०० फूट होतात. खरा चढ अ‍ॅश फोर्क ते विल्यम्स, वीस मैलांच्या आत दीड हजार फुटांहून जास्त. बर्फ असेल तर क्रूझ कंट्रोल बंद ठेवा आणि ट्रेलर ब्रेकचा गेन (ब्रेक किती जोरानं लागावा ते) कमी करा, नाहीतर चाकं जागच्या जागी अडकून ट्रेलर बाजूला सरकतो. ट्रेलरचं डोलणं रोखणारा, घर्षणानं चालणारा स्वे कंट्रोल बार असेल तर निसरड्या रस्त्यावर तो सैल करायचा असतो. वळणानंतर गाडी सरळ यायला तो आड येतो. टायरची हवा थंडीत उतरते, दर १० अंश फॅरनहाइटला एक-दोन पीएसआय, तेव्हा ती सकाळी गार टायरवरच मोजा. वाटेत कॅलिफोर्नियाच्या घाटात चेन कंट्रोल (बर्फात चाकांना साखळ्या लावायची सक्ती) लागलं तर ब्रेक असलेल्या ट्रेलरच्याही एका अ‍ॅक्सलला चेन लागतात, फक्त गाडीच्या आणून भागत नाही.

विल्यम्सला बर्फाचा अंदाज असेल तर किंगमनलाच रात्र काढा. अंधारात तो चढ ट्रेलरसह चढू नका, पुढच्या एका रात्रीच्या बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील.