लशीचा निळा डबा: उन्हात पास, बर्फात काठावर

आइसपॅक चार, बाटल्या 16 ते 20. उपकेंद्राच्या सिस्टरच्या खांद्यावरचा हा डबा उन्हाच्या बाबतीत दमदार आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45च्या वर गेला तरी डबा सावलीत आणि झाकण घट्ट असेल तर सत्र निभतं. उघडलेली बाटली फोमच्या खाचेत ठेवायची. तिच्यासाठी सारखं झाकण काढू नये. पोलिओचे थेंब तापले तर निदान व्हीव्हीएम (बाटलीवरची उष्णता दाखवणारी खूण) चहाडी करतं: आतला चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद.

खोट आहे ती थंडीची. डीप फ्रीजरमधले दगडासारखे पॅक तसेच कोंबले की त्यांना टेकलेल्या बाटल्या गोठतात. थेंबांना त्याने काही होत नाही. पेंटा (पाच रोगांवरची लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) आणि एफआयपीव्ही (पोलिओचं छोट्या मात्रेचं इंजेक्शन) मात्र वाया जातात. गोठलेली पेंटा शेक टेस्टमध्ये (बाटली हलवून गाळ कसा बसतो ते बघण्यात) पकडता येते. एफआयपीव्ही वितळली की पुन्हा नितळ दिसते, तिला शेक टेस्ट लागू नाही आणि व्हीव्हीएमला गोठणं कळत नाही. बाळाच्या दंडात 0.1 मिली टोचलं जातं, कार्डावर नोंद होते, संरक्षणाचा पत्ता नाही.

ही किरकोळ बाब नाही. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण 2011चा, पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र 27 मार्च 2014चं. पण एप्रिल 2016मध्ये थेंबांतून पोलिओ विषाणूचा टाइप 2 हा प्रकार काढला. त्याविरुद्ध आता भिस्त इंजेक्शनवरच. आणि 2022मध्ये लंडनच्या सांडपाण्यात व न्यूयॉर्क राज्यात सापडला तो लशीपासून उद्भवलेला टाइप 2च. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, त्यामुळे नागपूर विमानतळावर ताप मोजून तो हाती लागणार नाही. कोण कुठून उतरतो हे गावाच्या हातात नाही. वीटभट्टीवरची, ऊसतोडीला गेलेली किती पोरं लशीवाचून राहिली आणि टोचलेली लस जिवंत होती का, हे आहे. धोका मोजायचा तर इथून मोजा.

म्हणून पॅक कंडिशन करा: टेबलावर सुटे मांडा, घाम फुटू द्या, कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की भरा. मे महिन्यात हे झटपट होतं. डिसेंबरात चिखलदऱ्याला बराच वेळ जातो आणि घाई नेमकी तिथेच होते. पॅकच्या पाण्यात मीठ घालू नका, खुणेच्या वर भरू नका. बाटल्या झिपच्या पिशवीत ठेवा.

गोठणं टाळणारा डबाही मिळतो. त्यात पॅक आणि लस यांच्यात वेगळं अस्तर असतं, पॅक थेट टाकले तरी चालतात. तो जड पडतो. मेळघाटात पायी चढताना खांदा बोलेल. तरी गाडी जाते अशा गावांसाठी आमची पसंती त्यालाच.

साध्या डब्याला पाचपैकी साडेतीन. झाकणाला तडा गेला असेल तर शून्य, चिकटपट्टी लावून चालवू नका. अचानक लुळेपणा आलेल्या मुलाचे शौचाचे नमुने ज्या डब्यातून गेले, तो लशीसाठी पुन्हा वापरायचा नाही. त्यावर मार्करने ठळक लिहून वेगळा ठेवा.