जड स्टिअरिंगचा दोष शोधताना आधी गेज लावावं की होज प्लग करावेत?

फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग जड झालंय, ऑइलची पातळी बरोबर आहे, किंगपिनला (वळणारी मागची चाकं ज्या खिळीवर फिरतात तिला) ग्रीस आहे, बाहेर कुठे गळती दिसत नाही. इथून पुढे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे ऑर्बिट्रोलला (स्टिअरिंग फिरवलं की सिलिंडरकडे तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) येणाऱ्या प्रेशर लाइनवर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून प्रेशरचं गेज लावायचं. दुसरी म्हणजे सिलिंडरवरचे दोन्ही होज काढायचे, त्यांची तोंडं स्टीलच्या प्लगने बंद करायची आणि स्टिअरिंग फिरवून बघायचं. अंदाजाने सील किट मागवायची तिसरी वाटही बरीच चालते, पण ती तपासणी नव्हे, तिचा विचार इथे नको.

प्लगची पद्धत मला मनापासून आवडायची. सामान फारसं लागत नाही आणि उत्तर थेट मिळतं. होज बंद असताना स्टिअरिंग कडक अडलं, तर ऑर्बिट्रोल ठीक आहे आणि संशय सिलिंडरच्या पिस्टन सीलवर जातो. बंद होजवरही चाक सहज फिरत राहिलं, तर तेल ऑर्बिट्रोलच्या आतूनच परत पळतंय. खूप जोर लावल्यावर चाक अगदी हळू सरकलं तर ते चालतं.

अडचण हवेची. होज काढला की थोडं तेल सांडतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. वरून प्लग मारला की ती हवा आतच अडकते. मग धडधाकट ऑर्बिट्रोलसुद्धा लिबलिबीत वाटतो. चाक बरंच फिरतं आणि नंतर अडतं. हे आतल्या गळतीमुळे की हवेमुळे, हे हाताला ओळखता येत नाही. प्लग किंचित सैल करून हवा काढता येते, पण तेव्हा पुन्हा तेल सांडतं, जमीन पुसा, पुन्हा आवळा. सगळं जागेवर लावल्यावर सिस्टिममधली हवा काढेपर्यंत स्टिअरिंग वेगळंच वागतं, त्यामुळे मूळ तक्रार गेली की नुसती लपली, हेही कळत नाही. शिवाय उघड्या तोंडातून एखादा कण आत गेला तर ऑर्बिट्रोलला तो सोसत नाही. तिथल्या फटी फार बारीक असतात. मला या एका कटकटीनेच गेजकडे ढकललं.

गेजलाही रडगाणं आहे. आटे जुळत नाहीत. एका गाडीला मेट्रिक, दुसरीला बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे), तिसरीला आणखी काही. अडॅप्टरचा डबा जमवावा लागतो. पण लाइन एकदाच उघडायची, टी बसवायची आणि तिच्यावर टेस्ट पॉइंट कायमचा ठेवायचा. पुढच्या वेळी गेज नुसतं त्यावर आवळलं की झालं.

ऑइल गरम झाल्यावर स्टिअरिंग फुल लॉकला, म्हणजे एका बाजूला पूर्ण वळवून अडेपर्यंत, नेऊन दोन-तीन सेकंद धरायचं, जास्त नाही. मध्यम गाड्यांत आकडा साधारण ७० ते १२० बारच्या दरम्यान दिसतो, पण नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरावा. इंजिन स्लोवर असताना कमी आणि रेस दिल्यावर पुरेसा येत असेल, तर पंप झिजलाय किंवा सक्शनमध्ये हवा येतेय. टाकीतलं तेल फेसाळलेलं दिसलं तर दुसरं जास्त शक्य. रेस देऊनही कमीच राहत असेल आणि लिफ्ट मात्र ताकदीने उचलत असेल, तर पंपाला हात लावण्याआधी प्रायोरिटी व्हॉल्व्ह (स्टिअरिंगला आधी तेल देणारा) आणि स्टिअरिंगचा रिलीफ (ठरलेल्या प्रेशरला उघडून जास्तीचं तेल सोडणारा व्हॉल्व्ह) बघा. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच: लॉकला न पोचताच, मध्येच काटा रिलीफच्या आकड्यावर जात असेल, तर ऑइलची बाजू बहुधा निर्दोष आहे. दोष बहुतेक मागच्या एक्सलमध्ये आहे, म्हणजे बेअरिंग, किंगपिन किंवा लिंकच्या पिना. प्लग मारून हे कधीच कळलं नसतं. (स्टिअरिंगला वेगळी मोटर असलेल्या बॅटरीवरच्या गाडीत रेसचा प्रश्न येत नाही. तिथे मोटर फिरतेय का, हे आधी पाहा.)

प्लगची पद्धत टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. स्टिअरिंग हलकं आहे, पण गाडी सरळ धरली तरी चाक हळूहळू सरकतं किंवा लॉकवरून पुढे फिरत राहतं, अशी तक्रार असेल तर गेज फारसं बोलत नाही. किरकोळ आतली गळती असूनही लॉकला प्रेशर पुरेसं दाखवू शकतं. तिथे प्लगच बरा. मी मात्र गेजचा आकडा लिहून घेतल्यावरच तिकडे वळतो.

काहीही उघडायच्या आधी फोर्क जमिनीवर, इंजिन बंद, आणि अडकलेलं प्रेशर जावं म्हणून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायचं. गळती शोधताना होजवर हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक भोकातून येणारं तेल कातडीत घुसतं. नवं सामान घेत असाल तर २५० बारपर्यंतचं ग्लिसरीन भरलेलं गेज घ्या, साध्या गेजचा काटा इतका थरथरतो की आकडा वाचता येत नाही.