विसार देण्याआधी हे वाचा

भांडुपचं आमचं वन रूम किचन विकून मुलुंड पूर्वेला टू बीएचके घ्यायचं ठरलं होतं. मुलगी दहावीत, सासूबाईंना जिने चढवत नव्हते. आधी हे घर विकायचं, मग ते घ्यायचं, असं आमचं साधं गणित. एजंटने ते उलटं करायला लावलं आणि आमचे ९ लाख गेले.

"ताई, तुमच्या घराला गिऱ्हाईक उभं आहे, पण मुलुंडचा फ्लॅट थांबायचा नाही," असं तो रोज म्हणायचा. वर भीती घातली, की आधी घर विकलंत तर नफा सगळा टॅक्समध्ये जाईल. साफ खोटं! आमच्यासारखं वर्षानुवर्षं राहतं घर विकल्यावर नवं घ्यायला आयकर कायदा २ वर्षं देतो. तोवर उरलेला नफा रिटर्नच्या मुदतीआधी बँकेत कॅपिटल गेन खात्यात ठेवायचा. हे सीएने सांगितलं, पण फार उशिरा.

गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं. तिने ओटा टेपने मोजला, फ्रिज कुठे बसेल विचारलं. तो सासूबाईंच्या पाया पडला. ५१ हजारांचा टोकन चेक दिला, तो वटलाही. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिखापढी झाली. त्याच आठवड्यात एफडी मोडून, माझ्या पाटल्या गहाण टाकून आम्ही मुलुंडच्या मालकाला ९ लाख विसार दिला. पावतीत एक ओळ होती : '६० दिवसांत करारनामा न झाल्यास विसार जप्त.' मी ती वाचली होती. गिऱ्हाईक हातात आहे या भरवशावर सही केली.

तो मागे हटला तर त्याचे जाणार ५१ हजार, आणि त्याच्यापायी आमचे ९ लाख. हे दोन कागद मी एकदाही शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

लोन आज होतंय, उद्या होतंय, असं करत पन्नासाव्या दिवशी त्याचा फोन बंद झाला. एकसष्टाव्या दिवशी मालकाचा मेसेज आला.

मुलुंडच्या सोसायटीत गेले तेव्हा सेक्रेटरीकाका म्हणाले, "या घरापायी विसार बुडालेल्या तुम्ही दुसऱ्या." पहिलं कुटुंब विक्रोळीचं. तिथल्या दादांनी कपाटातून कागद काढला. गिऱ्हाईक तेच, टोकन ५१ हजारच, सहीखालचे दोन ठिपकेसुद्धा तेच. माझे हातपाय गार पडले. आता दोन्ही घरांनी मिळून पोलिसांत अर्ज दिलाय. पैसे अजून आलेले नाहीत.

जुनं घर विकायच्या आत नवं घेणार असाल तर हात जोडून सांगते, टोकन देणाऱ्याला गिऱ्हाईक समजू नका. मुंबईत घेणाऱ्याला साधारण ६ टक्के स्टॅम्प ड्युटी लागते. ती भरून जो सब-रजिस्ट्रारसमोर सही-अंगठा करतो, तो खरा. तोवर मोठा विसार देऊ नका. आमचं घर विकलं गेलं नाही तर विसार परत, हे पावतीत लिहून घ्या. मालक नको म्हणाला तर उठून या. गिऱ्हाइकाचं लोन सँक्शन लेटर मागा. आणि नव्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पैसे देण्याआधी भेटा, मी नंतर भेटले.

परवा नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात पाठवली, "वहिनी, हे बघ, स्वस्तात आहे." मुलुंड पूर्व, टू बीएचके, अर्जंट विकणे. फोटोत तीच खिडकी होती.