सेल्युलर ट्रेल कॅमेरा, जुलै ते जानेवारी: व्हाइटटेलच्या एका पूर्ण हंगामानंतर

व्हाइटटेल म्हणजे अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण. त्याच्या वाटेवर झाडाला बांधायचा, शंभर-सव्वाशे डॉलरचा, आठ एए सेलवर चालणारा आणि मोबाईल नेटवर्कवरून फोटो पाठवणारा कॅमेरा. या किमतीतली बहुतेक मॉडेलं वागायला सारखीच असतात, म्हणून कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. जागा पेनसिल्व्हेनियातली, खासगी मालकीचं ओक-हिकरीचं रान, एका अंगाला सोयाबीनचं शेत, दुसऱ्या अंगाला ओढा आणि मध्ये उत्तर-दक्षिण पसरलेली डोंगराची सोंड.

निकाल आधीच सांगतो: पैसे वसूल, पण खोक्यावर छापलेल्या कारणांसाठी नाही. मेगापिक्सेल, चंद्राच्या कला, हरणाच्या हालचालीचा 'अंदाज' वर्तवणारं अॅप, हे सगळं सजावटीचं. खरी कमाई म्हणजे रानात जायच्या वाचलेल्या फेऱ्या. साध्या कॅमेऱ्याचं कार्ड काढायला दर पंधरवड्याला आत जावं लागतं, आणि प्रत्येक फेरीत बुटांचा, हातांचा, घामाचा वास पायवाटेवर राहतो. मादी आणि कोवळा नर दोन-चार दिवसांत ते विसरतात. चार-पाच वर्षांचा नर मात्र तेवढ्यावरून ती वाट फक्त रात्रीची करून टाकतो, आणि रात्रीचं हरीण शिकाऱ्याच्या काही कामाचं नाही.

मराठी वाचकाला कॅमेरा ट्रॅप ठाऊक असतो तो ताडोब्याच्या व्याघ्रगणनेमुळे. तिथे पट्टे दोन्ही कुशींवर वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. इथे नर ओळखायचा तो शिंगांवरून, एका वाटेला एक कॅमेरा पुरतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. इथे ती परवाना, हंगाम आणि टॅगच्या (मारलेल्या जनावराला लावायच्या चिठ्ठीच्या) चौकटीत चालते, त्यामुळे कॅमेऱ्याचा हेतूही वेगळा. बाकी व्हाइटटेल आणि कॅमेरा यांचं नातं जुनं आहे. वन्यजीव छायाचित्रकार जॉर्ज शिरास यांनी मिशिगनमध्ये रात्री फ्लॅश उडवून काढलेले हरणांचे फोटो 'नॅशनल जिओग्राफिक'ने जुलै 1906 च्या अंकात छापले होते.

बांधणी

नव्वद टक्के तक्रारी इथल्या असतात आणि दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो. कॅमेऱ्याला जागं करणारा सेन्सर प्रकाश बघत नाही, उष्णता बघतो. तीही सरकणारी आणि आजूबाजूपेक्षा वेगळी. हरीण समोरून आडवं गेलं की तो चटकन जागा होतो, सरळ अंगावर चालत आलं की उशिरा. म्हणून वाटेला काटकोनात बांधला तर सेन्सर उठतो खरा, पण फोटो येईपर्यंत हरणाची शेपटीच उरते. वाटेच्या बरोबर समोर बांधला तर काही वेळा कळतच नाही. वाटेशी साधारण 45 अंशांचा कोन, वाटेपासून 12 ते 15 फूट अंतर आणि जमिनीपासून तीन फूट उंची. तीन फूट म्हणजे हरणाच्या छातीची पातळी. झाड निदान मांडीएवढ्या जाडीचं घ्या. मनगटाएवढं रोपटं वाऱ्याने डोलतं आणि कॅमेरा रात्रभर रिकामे फोटो काढत बसतो.

तोंड उत्तरेकडे. पूर्वेला किंवा पश्चिमेला केलं तर नेमक्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या कामाच्या वेळी सूर्य भिंगात शिरतो आणि फोटो पांढरा फट्ट येतो. समोरचं वीस फुटांपर्यंतचं गवत, नेचा आणि लोंबत्या फांद्या कापा. उन्हाने तापलेलं पान हललं की सेन्सरच्या दृष्टीने ते हरीणच. मात्र कापाकापी जुलैतच उरका. ऑक्टोबरात मोकळी केलेली खिडकी हरणाला लगेच खटकते.

भर उन्हाळ्यात दुपारी फोटो कमी येतात ते हरणं येत नाहीत म्हणूनच असं नाही. हवा 35 अंशांच्या पुढे गेली की हरणाचं अंग आणि मागची झाडी यांच्या तापमानात फरक उरत नाही, आणि सेन्सर झोपून राहतो. जुलैतली 'दुपारची शांतता' थोडी संशयानेच वाचावी.

चोरीची भीती असेल तिथे आठ-दहा फुटांवर बांधून खाली झुकवतात. चोर फसतो, पण सेन्सरचा पट्टाही आखूड होतो: वाटेचा जेमतेम एक तुकडा त्यात येतो. झाड आणि कॅमेरा यांच्यामध्ये वरच्या बाजूने एक काटकी पाचरीसारखी ठोकली की हवा तेवढा झुकाव मिळतो. मग फोन हातात धरून समोरून ओणवं चालून बघावं, फोटो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते.

सेल, सिग्नल, कार्ड

अल्कलाइन सेल घालू नका. व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, थंडीत तर धाडकन, आणि रात्रीचा फ्लॅश आधी मरतो. दिवसाचे फोटो येत राहतात, रात्रीचे काळे येतात, आणि माणूस समजतो हरणं रात्री फिरकत नाहीत. रिचार्जेबल एनआयएमएच सेल 1.2 व्होल्टचे असतात. पूर्ण भरलेले असले तरी बऱ्याच कॅमेऱ्यांना ते अर्धे संपलेले वाटतात. लिथियम एए महाग, पण शून्याखालीही 1.5 व्होल्ट धरून ठेवतात. एक तोटा लक्षात घ्यावा: ते शेवटपर्यंत भरलेले दिसतात आणि मग एकदम बसतात. म्हणून अॅपमधल्या टक्केवारीवर विसंबून न राहता ऑक्टोबर संपायच्या आत सगळे आठ एकदमच बदलावेत. जुने-नवे मिसळू नयेत.

सेल खाणारा खरा राक्षस म्हणजे कच्चा सिग्नल. मोडेम जोर लावतो, फोटो अर्धा जातो, तुटतो, पुन्हा प्रयत्न. ओढ्याच्या तळाशी सिग्नलची एक काडी असेल तर तोच कॅमेरा साठ-सत्तर फूट वर चढवून उतारावर लावा, आठवड्यांचा फरक पडतो. तेही जमत नसेल तर लांब वायरीचा अँटेना घेऊन तो झाडावर दहा फूट उंच बांधावा, उभाच. प्रत्येक फोटो तत्क्षणी पाठवण्याऐवजी दिवसातून दोनदा गठ्ठ्याने पाठवायची सेटिंग ठेवली की सेल कितीतरी जास्त टिकतात. सोलर पॅनेलचं म्हणाल तर शेताच्या कडेला, दक्षिणेकडे तोंड करून लावलेलं उत्तम. दाट ओकखाली ऑगस्टमध्ये ते नुसतं शोभेचं.

कार्ड पूर्ण आकाराचं, 32 जीबी, क्लास 10. मायक्रो कार्ड अडॉप्टरमध्ये घालून वापरलं की थंडीत संपर्क सुटतो. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, लॅपटॉपवर नाही. फर्मवेअर अपडेट घरच्या टेबलावर उरकावा, झाडावर बांधून झाल्यावर नाही.

अॅपवर येतो तो छोटा, दाबलेला फोटो. इथे एक गोची आहे. पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक भागात प्रौढ शिकाऱ्याला निदान एका शिंगावर तीन टोकं असलेलाच नर मारता येतो. 2002 पासूनचा हा नियम. छोट्या फोटोत तिसरं टोक आणि मागची काटकी यांत फरक कळत नाही, मोठा फोटो मागवावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. अॅप स्वतः 'नर' आणि 'मादी' अशी वर्गवारी करतं, पण छोट्या सुळ्यांसारख्या शिंगांच्या नराला हमखास मादी ठरवतं. महिन्याचा प्लॅन फोटोंच्या संख्येनुसार पाच ते पंधरा डॉलरच्या आसपास. गवत न कापता बांधलात तर सगळा कोटा डोलणाऱ्या नेच्यावर खर्च होतो.

रात्रीचा फ्लॅश आणि एक 'टक्'

रात्रीचा फ्लॅश इन्फ्रारेड असतो. 850 नॅनोमीटर तरंगलांबीचा लांब पोचतो, पण दिव्यांचा लालसर ठिपका दिसतो. 940 चा माणसाला दिसत नाही; पल्ला कमी, फोटो दाणेदार. वाटेवर पंधरा फुटांवरून फोटो काढायचा असेल तर 940 घ्यावा, शेताच्या कडेला 850. पण हरणाने मान वर करून भिंगाकडे बघितलेल्या फोटोंमध्ये दोष दरवेळी फ्लॅशचा नसतो. उजेड पडला की आणि मावळला की कॅमेऱ्याच्या आत एक इवलासा फिल्टर भिंगामागे सरकतो, आणि त्याचा 'टक्' असा आवाज होतो. कान जवळ नेला तर माणसालाही ऐकू येतो. नेमका तो क्षण म्हणजे हरणं निघायची वेळ. विकत घेण्याआधी दुकानात भिंगावर हात ठेवून, काढून हा आवाज ऐकावा. मॉडेलनुसार बराच फरक असतो.

महिन्यांप्रमाणे जागा

जुलै-ऑगस्टमध्ये नर टोळक्याने सोयाबीनवर येतात, वाढत्या शिंगांवर मखमल (मऊ केसाळ कातडी) असते, वेळ जवळपास ठरलेली. फोटो सुंदर येतात आणि शिकारीच्या दृष्टीने सर्वांत फसवे हेच. सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल गळते, टोळकं फुटतं, काही नर सरळ मुक्काम हलवतात. त्याच सुमारास सोयाबीन पिवळं पडतं आणि व्हाइट ओकची फळं पडायला लागतात. हरणं शेत सोडून रानात शिरतात. म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा शेतावरून उचलून फळं पडणाऱ्या ओकांकडे न्यावा. रेड ओकची फळं कडवट, ती नंतर खाल्ली जातात, त्यामुळे झाड ओळखता येणं महत्त्वाचं. व्हाइट ओकच्या पानाची टोकं गोलसर, रेड ओकची टोकदार.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात नर खुरांनी जमीन उकरून, वरची फांदी तोंडाने चघळून आपल्या खुणा ठेवतात. कॅमेरा उकरलेल्या मातीवर न रोखता त्या फांदीवर रोखावा. माती कधी कोरडी पडते, फांदीपाशी मात्र नर-मादी सगळेच थांबतात. इथे व्हिडिओ नको, तीन फोटोंची मालिका बरी. या खुणांवरच्या बहुतेक भेटी अंधारातल्याच असतात, त्यामुळे तिथे मचाण बांधायची घाई नको. गावात कोणकोण आहे, याची ती हजेरी समजावी.

नोव्हेंबरच्या मध्यावर माज शिगेला असतो. तेव्हा नर माद्यांच्या मागे, म्हणून कॅमेरे माद्यांच्या वाटांवर. अनोळखी नर एकदाच दिसून गायब होतो. तो परत येईल म्हणून चार दिवस त्याच झाडावर बसण्यात अर्थ नाही. थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या) शनिवारी रायफलचा हंगाम सुरू होतो आणि हरणं माउंटन लॉरेल या सदाहरित झुडपाच्या जाळ्यांत घुसतात. तिथले कॅमेरे ऑक्टोबरातच लावून ठेवलेले असावेत.

फोटो वाचायचा कसा

सगळे फोटो जमवण्यापेक्षा उजेडातले तेवढे वेगळे काढा. प्रत्येकासमोर त्या तासाची वाऱ्याची दिशा लिहा, आणि हरीण येत होतं की जात होतं तेही. मुरलेला नर बहुधा सोंडेच्या वाऱ्याआडच्या बाजूला, माथ्यापासून उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो: माथ्यावरून येणारा वारा पाठीमागची खबर आणतो, आणि दिवसा तापून वर चढणारी हवा खालच्या दरीची. त्यामुळे वायव्येचा वारा असतानाच तो उजेडात दिसत असेल तर त्याची बसायची जागा सोंडेच्या आग्नेय बाजूला शोधावी. संध्याकाळी अंधार पडता पडता दिसला तर जागा जवळ, काहीशे यार्डांच्या आत. कायम रात्री दहानंतर दिसत असेल तर कॅमेरा त्याच्या ठिकाणापासून फार लांब आहे, त्या दिशेने शंभर-दीडशे यार्ड सरकवा. सरकवायला भर दुपारी जावं, रबरी बूट आणि हातमोजे घालून, शक्यतो पावसाच्या तोंडावर.

घड्याळाची एक खोड सांभाळा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. कॅमेऱ्याने ते आपणहून केलं नाही तर ऐन माजात सगळ्या वेळा एका तासाने चुकतात. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच कायदेशीर मुभा असताना हा तास सगळा हिशेब उलटापालटा करतो. फोटोवर छापलेलं तापमानही सोडून द्या; उन्हात तापलेल्या डबीचं ते तापमान.

आता 'आत्ता नर आला, चला' या प्रकाराबद्दल. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. अॅरिझोनात जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेराच वापरता येत नाही, तर न्यू हॅम्पशायरमध्ये थेट फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्याचा त्याच दिवशीच्या शिकारीसाठी उपयोग करायला मनाई आहे. शिकारीतल्या विक्रमांची नोंद ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लबही थेट मिळालेल्या माहितीवर गाठलेल्या जनावराची नोंद घेत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हे जमत नाही: फोटो पोचेपर्यंत हरीण दोनशे यार्ड पुढे गेलेलं असतं आणि धावत गेलेला माणूस त्याला हुसकावतो एवढंच. गठ्ठ्याने पाठवायची सेटिंग इथेही उपयोगी, मोह आपोआप टळतो.

कॅमेऱ्यासमोर मका किंवा मिठाची वीट टाकायचा मोहही टाळावा. पेनसिल्व्हेनियात बहुतेक ठिकाणी आमिषावर शिकार बेकायदा आहे आणि आमिष पूर्ण हटवल्यावरही 30 दिवस ती जागा शिकारीला बंद राहते. शिवाय सीडब्ल्यूडी या प्राणघातक रोगाच्या घोषित क्षेत्रांत हरणांना खाऊ घालायलाच मनाई आहे. एका ठिकाणी तोंडं लागली की लाळेतून तो पसरतो.

किरकोळ उपद्रव बरेच. मुंग्या सेलच्या कप्प्यात अंडी घालतात. रबरी पट्टीवर माती राहिली की फट पडते आणि मग मुंग्या आणि पाणी दोन्ही आत. काळ्या अस्वलाला प्लॅस्टिकचा वास आवडतो, तो पट्टा तोडत नाही पण भिंग चावतो. पत्र्याची पेटी तीस-चाळीस डॉलरला मिळते, अस्वलाच्या भागात ती कॅमेऱ्यासोबतच घ्यावी.

हंगाम संपला की प्लॅन लगेच बंद करू नका. जानेवारी ते मार्च नर शिंगं टाकतात. एकाच बाजूला शिंग असलेला नर दिसला की दुसरं एक-दोन दिवसांत पडणार; तेच नर दोन्ही बाजूंनी बोडके दिसले की रानात फिरून पडलेली शिंगं शोधायला जायचं. त्याच फेरीत कॅमेरा उतरवावा, सेल बाहेर काढावेत, रबरी पट्टी ओल्या फडक्याने पुसावी आणि मगच प्लॅन थांबवावा.